पातळ दूध

डेपोत तिला सगळे डबलबेल म्हणायचे. बस सोडायची तर कंडक्टर दोनदा घंटी मारतो, आणि ही बाई बोलायचीच मुळी दोनदा. "पुढे सरका, पुढे सरका. दार सोडा, दार सोडा." निवृत्त झाली त्या दिवशी डेपो मॅनेजर भाषणात म्हणाले, यांच्या बसमध्ये बहिऱ्या माणसाचाही स्टॉप कधी चुकला नाही. सगळे हसले, तीही हसली. हाडापेरानं दणकट बाई. चालत्या बसमध्ये काही न धरता पाय रोवून उभं राहायची इतकी सवय, की लग्नाकार्यात रिकामी खुर्ची दिसली तरी तिला बसायचं सुचायचं नाही. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर होता. लेक शाळेत असतानाच तो गेला. त्यानंतर तिनं एकटीनं लेकीला वाढवलं, शिकवलं, आणि लेक जमिनीचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला लागली तेव्हा डेपोभर पेढे वाटल्यासारखी ती बातमी वाटली. अर्थात प्रत्येकाला दोनदा.

लेक बाळंत झाली. सुरुवातीचे दिवस जावयानं रजा काढून निभावले. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. कुठे कोणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की त्याला जावं लागायचं. रजा संपली तशी डबलबेल बॅग घेऊन लेकीच्या दारात उभी राहिली.

"आई, आधी हात," लेक दारातूनच म्हणाली. "साबणानं. कोपरापर्यंत."

"अगं, मी काय ऑपरेशन करायला आलेय?"

पण तिनं हात धुतले. धुता धुता बाथरूमच्या दारात उभं राहून लेक एकेक सांगत गेली. बाळाच्या डोक्याखाली उशी द्यायची नाही. पालथं झोपवायचं नाही. अंगाला पावडर लावायची नाही. तोंडाजवळ तोंड नेऊन पापे घ्यायचे नाहीत. पाणी तर थेंबभरसुद्धा नाही, कितीही उकाडा असला तरी. आणि बाटली हा शब्दही या घरात काढायचा नाही.

"मग मी आलेय कशाला?" डबलबेल म्हणाली. "भिंतीला टेकून उभी राहायला?"

"माझ्यासाठी आलीस ना," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला.

नात पाळण्यात झोपली होती. इवलीशी, गोरीपान, मुठी आवळलेल्या. डबलबेलनं लांबूनच तिचं नाव ठकी ठेवलं. कागदावरचं नाव ठरायचं होतं, तोवर ठकी.

पहिले दोन दिवस तिनं तोंडाला कुलूप घातलं. स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, लेकीच्या पाठीला उशा लावल्या. लेक दिवसभर पलंगाच्या कडेला बसलेली असायची, ठकी छातीशी, आणि मोबाईल गुडघ्यावर. मोबाईलवर नव्या आयांचा एक गट होता. तिथे कुणीतरी सतत काहीतरी सांगत असायचं. धीर धरा. शरीरावर विश्वास ठेवा. एकदा बाटली तोंडाला लागली की बाळ आईला विसरतं. लेक ते वाचायची, ओठ दाताखाली दाबायची आणि ठकीला पुन्हा लावायची. तिच्या छातीला चिरा पडल्या होत्या. बाळानं तोंड लावलं की तिचे पायाचे अंगठे आखडायचे, ते डबलबेलला स्वयंपाकघराच्या दारातून दिसायचं.

तिला स्वतःचे दिवस आठवायचे. तिच्या वेळी दवाखान्यात एक सिस्टर होती, इस्त्रीची कडक टोपी घालणारी. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. घड्याळ बघून पाजायचं. मध्ये रडलं तरी उचलायचं नाही, लाडावतं. डबलबेलला पुन्हा ड्यूटीवर जायचं आहे हे कळल्यावर सिस्टर म्हणाली होती, "बसमध्ये उभ्यानं काम करणाऱ्या बाईचं दूध थकलेलं असतं. डबा सुरू कर. पहिला महिना अर्ध्या मापाचं दे, एवढ्याशा पोटाला जड होतं." दूध बंद व्हायच्या गोळ्याही तिनंच दिल्या.

सासू म्हणाली होती, "घरात मी आहे, शेजारच्यांच्या दारात दुभती शेळी आहे, आणि लेकराला डबा?"

तेव्हा डबलबेल ताठ मानेनं म्हणाली होती, "सासूबाई, तुमचा काळ वेगळा होता. आता डॉक्टर सांगतात तसंच करायचं असतं."

डबलबेल छातीला कापड घट्ट गुंडाळून ड्यूटीवर गेली. तिकिटांच्या पेटीचा पट्टा नेमका ठणकत्या जागेवर यायचा. बसमध्ये कुणाचं तान्हं रडलं की तिचं झंपर आतून भिजायचं, आणि ती आणखी मोठ्यानं ओरडायची, पुढे सरका, पुढे सरका. हे ती कधी कुणाशी बोलली नाही. लेक मात्र डब्यावर गुटगुटीत वाढली, एवढं ती चारचौघांत अभिमानानं सांगायची.

आता इथे ठकी रडायची. तासन्‌तास रडायची, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत. मग एकदा तिचं रडणं कमी झालं. लेकीला बरं वाटलं, पण डबलबेलचं काळीज चरकलं. पोट भरून गप्प झालेलं मूल आणि थकून गप्प झालेलं मूल यांत फरक असतो. ठकीच्या मांड्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. डायपर बदलायला काढावा तर हलका, कोरडा.

"हिची शी-शू फार कमी होतेय गं," ती भांडी पुसता पुसता म्हणाली. "फार कमी होतेय."

"परवा दवाखान्यात नेलं होतं ना आपण," लेक म्हणाली. डबलबेल तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. आत लेक एकटीच गेली होती. "वजन थोडं कमी आहे म्हणाल्या तिथल्या सिस्टर. होईल."

"एक वेळ वरचं देऊन तर बघ. एकच वेळ."

लेकीनं मान वर केली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांचा बुचडा एका बाजूला घसरलेला. "आई, हा विषय नको म्हटलं होतं मी."

"मी तुला डब्यावरच वाढवलं. काय वाईट झालं तुझं?"

"काय झालं ते मलाच ठाऊक," लेक म्हणाली. "मी कुणाला सांगू शकते का, की माझ्या आईनं मला छातीशी घेतलं होतं? तू दूध थांबवायच्या गोळ्या घेतल्यास. तुला बस महत्त्वाची होती."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं डबलबेलला वाटलं, पण ते वाटायच्या आधीच घाव आत गेला होता. या गोळ्यांचं लेकीला कोणी सांगितलं? सासूनंच कधीतरी. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणावंसं वाटलं, बस नसती तर तुझ्या शाळेची फी कुठून आली असती. म्हणावंसं वाटलं, झंपर भिजायचं गं माझं. यातलं काही न बोलता तिनं गॅस पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून ती बाहेर पडली आणि औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा, बाटली घेऊन आली. दोन्ही बॅगेत, गरम कपड्यांच्या घडीखाली ठेवलं. लेकीला ताकास तूर लागू द्यायची नव्हती. दुपारी लेक गाढ झोपली तशी तिनं दार ओढून घेतलं, पाणी उकळून निववलं, आणि सिस्टरनं शिकवलेल्या मापानं, म्हणजे जेवढी पावडर हवी तिच्या अर्धीच घालून, बाटली हलवली. डब्यावर बारीक अक्षरात माप छापलेलं होतं. चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता, आणि तिला तो आणावासा वाटला नाही. एक लेकरू वाढवलेल्या बाईला माप काय वाचायचं?

ठकीनं बाटलीचं बोंड तोंडात घेतलं आणि डोळे टक्क उघडले. घशाचा गटगट आवाज येत होता. डबलबेल खिडकीकडे पाठ करून उभी होती, जणू कोणी रस्त्यावरून बघेल. बाटली रिकामी झाल्यावर ठकीनं एक ढेकर दिली आणि तिच्या खांद्यावरच झोपली. आजीचा जीव भांड्यात पडला.

मग ते रोजचंच झालं. दुपारी एकदा, मग सकाळी लेक अंघोळीला गेली की एकदा, मग जमेल तेव्हा. लेकीची अंघोळ चालू असताना नळाच्या आवाजाकडे एक कान ठेवून ती पाजायची. नळ थांबला की बाटली टॉवेलमध्ये. एकदा जावई अवेळी घरी आला. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज झाला आणि तिनं बाटली चक्क पिठाच्या डब्यात खुपसली. तो आत येऊन म्हणाला, "आई, तुमच्या हाताला पीठ लागलंय." ती म्हणाली, "असू दे, असू दे."

एवढं करून तिला समाधान मिळायला हवं होतं, पण घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं. ठकी शांत राहू लागली तशी लेक हसू लागली. "बघितलंस? धीर धरला की जमतं," ती म्हणाली. गटावरही तिनं तसं लिहिलं, आणि तिथे सगळ्यांनी तिला शाबासकी दिली. मग बाळ मागत नाही म्हणून ती पाजायचीही कमी वेळा. ठकीचं पोट आजीच्या पातळ पाण्यानं भरलेलं असायचं, ती आईकडे गेली तरी दोन घोट घेऊन तोंड फिरवायची. डबलबेलला हे दिसत होतं. आता सांगावं तर लेकीचा सगळा धीर आपल्या बाटलीवर उभा आहे हे सांगावं लागणार. न सांगावं तर हे असंच चालणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती रोज ठरवायची, उद्या सांगू. उद्या लेक चहा पिता पिता गुणगुणत असायची आणि डबलबेलचं तोंड उघडायचं नाही.

त्या दिवशी सकाळी ठकी जरा जास्तच मऊ लागली. हात उचलला तर तो तसाच खाली पडला. डोळ्यांखाली थोडी सूज दिसत होती, तिला वाटलं अंग धरतंय. तळपाय गार होते. तिनं पायमोजे घातले.

"गार पडलीय जरा," ती म्हणाली.

"पंखा कमी कर," लेक आरशासमोरून म्हणाली.

पंखा कमी करायला डबलबेल उठली आणि वळून बघते तर ठकीचा एक हात थडथडत होता. एकच हात, एका लयीत. तिनं तो हलकेच धरला. धरला तरी आत धडधडतच राहिला. मग डोळे एका कोपऱ्यात गेले आणि तिथेच अडकले.

"इकडे ये," ती म्हणाली. तिनं ते एकदाच म्हटलं. लेक कंगवा टाकून धावत आली.

टॅक्सीत लेकीनं ठकीला छातीशी धरलं होतं आणि ती सारखी तिचं नाव घेत होती, तेही ठकीच, कारण दुसरं अजून ठरलं नव्हतं. डबलबेल शेजारी बसून ड्रायव्हरला वाट सांगत होती. शहरातला प्रत्येक रस्ता तिला पाठ होता, कुठे गर्दी असते, कुठून आडवं निघता येतं. हात मात्र तिनं मांडीखाली दाबून ठेवले होते.

मुलांच्या हॉस्पिटलात ठकीला आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आली. वयानं लेकीएवढीच, आवाज शांत. आकडी थांबली आहे म्हणाली. मग लेकीसमोर बसली.

"बाळाला काय काय देताय?"

"फक्त अंगावरचं," लेक म्हणाली.

"पाणी? साखरपाणी? घुटी? काही औषध?"

"काहीच नाही. पाण्याचा थेंबही नाही."

डॉक्टरीणबाईच्या कपाळावर आठी पडली. "बाळाच्या रक्तातलं मीठ खूप उतरलंय. एवढं उतरायला पोटात जास्तीचं पाणी जावं लागतं. नुसत्या अंगावरच्या दुधावर असं सहसा होत नाही. दुसरं एखादं कारण असेल तर ते शोधायला आणखी तपासण्या कराव्या लागतील, पाठीतून पाणी काढावं लागेल. म्हणून नीट आठवून सांगा."

"मी सांगतेय ना, काही दिलं नाही," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला. तेवढ्यात जावई धावत आला, कामाच्या कपड्यांत, हात काळे. तो तिच्यामागे उभा राहिला.

डबलबेल भिंतीशी उभी होती. पाठीतून पाणी काढायचं म्हणजे एवढ्याशा पाठीत सुई. गप्प राहिली तर कदाचित कुणालाच कळणार नव्हतं. सुई टोचतील, काही सापडणार नाही, मीठ चढवतील, मूल बरं होईल, आणि लेक तिची राहील. हा विचार पूर्ण तिच्या डोक्यात येऊन गेला. तो आला होता हे ती पुढे कधी विसरली नाही.

"मी दिलंय," ती म्हणाली. "पावडरचं दूध. आठवडा झाला असेल, रोज देतेय."

डॉक्टरीणबाईनं तिच्याकडे खुर्ची वळवली. "कसं करत होता, आजी? किती पाण्यात किती?"

तिनं सांगितलं. हातानं चमचा दाखवला, बोटानं बाटलीची रेघ दाखवली. डॉक्टरीणबाई ऐकत गेली आणि मान हलवत गेली. "अर्धंच," ती म्हणाली. "म्हणजे बाकीचं सगळं पाणी. एवढ्या लहान बाळाची मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत." मग ती उठली. "बरं झालं सांगितलंत. आता काय करायचं ते कळलं." आणि आत गेली.

लेक आईकडे बघत होती. रडत नव्हती. "माझ्या घरात," ती म्हणाली. "मी झोपलेली असताना."

"ती भुकेली होती गं."

"आई, तुम्ही जरा बाहेर थांबा," जावई म्हणाला. तो कधीच मोठ्यानं बोलायचा नाही, आताही बोलला नाही. त्याचा जबडा मात्र हलत होता.

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. समोरून नर्सा जात-येत होत्या, ट्रॉल्यांची चाकं वाजत होती. लेकीला याच मापाचं दूध दिलं, ती का नाही आजारी पडली, हाच एक प्रश्न तिला आतून टोचत होता. सिस्टर खोटं कशाला सांगेल? मग हळूहळू तिला एक दुपार आठवली. ड्यूटी लवकर सुटून ती घरी आली होती तर सासू ओट्याजवळ बसून लेकीच्या तोंडात चमच्यानं शेळीचं दूध घालत होती. तिनं तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. दूध सांडून टाकलं होतं. सासू म्हणाली होती, "आजच दिलं गं, आजच." आता बाकावर बसून तिला वाटलं, आजच दिलं असेल कशावरून? ती दिवसभर बसमध्ये असायची. लेक ज्या दुधावर गुटगुटीत झाली ते कुठलं दूध होतं हे सांगणारं माणूस आता उरलं नव्हतं. आणि शेळीचं दूध तरी तेवढ्या लेकराला बरं होतं का, कुणास ठाऊक. तरलं, एवढंच खरं.

दुपार कलली तेव्हा लेक बाहेर आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"जागी झाली," ती म्हणाली. "मीठ हळूहळू चढवतायत. एकदम चढवलं तर डोक्याला त्रास होतो म्हणे. आकडी परत आलेली नाही."

"देवा," डबलबेल म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी आज जाते घरी. बॅग नंतर कोणाकडून पाठव."

"हो, जा," लेक म्हणाली. मग दोघी बसूनच राहिल्या.

"तू मला मूर्ख केलंस, आई. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की मला जमलं. आणि तू आत पीठ चाळत ऐकत होतीस."

"हो."

"तू तोंडावर भांडायचं होतंस माझ्याशी. घर डोक्यावर घ्यायचं होतंस. तुला भांडता येत नाही असं थोडंच आहे?"

"भांडले असते तर हाकललं असतंस."

"हाकललं असतं," लेकीनं कबूल केलं. हातातला रुमाल तिनं पिळून पिळून दोरीसारखा केला होता. मग ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "दवाखान्यातल्या सिस्टरनं मला त्या दिवशीच सांगितलं होतं, तू बाहेर बाकावर होतीस तेव्हा. वजन उतरलंय, अंगावर पाजून झालं की वरचं थोडं थोडं द्या, दोन दिवसांनी परत वजनाला आणा. कसं करायचं तेही दाखवणार होत्या. मी म्हटलं, माहितीय मला. आणि परत नेलंच नाही."

डबलबेलनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"घरी कुणालाच सांगितलं नाही," लेक म्हणाली. "यांनाही नाही. मला वाटलं, सांगितलं तर तू म्हणशील, बघ, मी म्हणत होते. तेवढं मला ऐकायचं नव्हतं. डायपर कोरडा निघायचा ना, तर मी तो पटकन गुंडाळून टाकायचे. बघायचेच नाही."

आता खरं तर बोलायची पाळी आईची होती. बघ, मी म्हणत होते, हे चार शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होतेच. अख्खा जन्म ती प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली होती, आणि हे तर एकदाही बोलायची सोय उरली नव्हती.

"बस मला महत्त्वाची नव्हती," ती म्हणाली. "छातीला कापड बांधून जायचे मी. दूध यायचं तरी. तू रडत असशील असं वाटलं की यायचंच. गोळ्या घेऊनसुद्धा कितीतरी दिवस येत राहिलं."

लेकीनं पुढे सरकून हात धरला, गळ्यात पडली, असं काही झालं नाही. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि म्हणाली, "बघून जा तिला. काचेतून."

ठकी हॉस्पिटलात काही दिवस राहिली. तिथल्या नर्सनं लेकीला आणि जावयाला समोर बसवून शिकवलं. डबलबेलला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती दाराशी उभी राहून चष्मा लावून बघत होती. आधी अंगावर. मग डब्यावर छापल्या मापाचं, पूर्ण मापाचं, वरून थोडं. पहिली बाटली पाजताना लेकीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. नर्स तिच्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तिला भूक लागलीय, ती भागतेय. यात हरण्याजिंकण्यासारखं काय आहे?" आठवड्याभरात ठकीच्या मांड्यांवरच्या सुरकुत्या भरायला लागल्या. पुढच्या तपासण्यांत डोक्याला, कानाला, डोळ्याला काही धक्का लागलेला नाही असं कळलं, तेव्हा जावयानं पहिल्यांदा डबलबेलला फोन केला, आणि तेवढंच सांगून ठेवून दिला.

पण तुटलेलं जोडायला वेळ लागतो. बरेच महिने डबलबेलला नातीबरोबर एकटं ठेवत नसत. तसं कोणी बोलून दाखवलं नाही. ती गेली की जावई घरी असायचा किंवा लेक स्वयंपाकघर सोडून बाहेर येऊन बसायची. लेकीची रजा संपली आणि ठकीला पाळणाघरात घातलं, तेव्हा आजी रिकामी घरी बसलेली असताना पाळणाघर कशाला, असं शेजारणी म्हणाल्या. डबलबेल त्यांना म्हणाली, "तिथे मुलांबरोबर राहते, बरं असतं." पोटातलं पोटात ठेवलं. डेपोतल्या एका जुन्या मैत्रिणीनं फारच खोदून विचारलं तेव्हा मात्र तिनं सगळं सांगितलं, माझं चुकलं असं स्पष्ट सांगितलं, आणि मैत्रिणीच्या सुनेला दिवस गेलेत हे कळल्यावर डब्यावरचं माप वाचायला विसरू नका असंही बजावलं. दोनदा.

ठकी बसायला लागली, मग रांगायला. एकदा सकाळी लेकीचा फोन आला. ठकी खाताना घास तोंडात धरून ठेवते, गिळत नाही, काय करू?

डबलबेलच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. नाक धरायचं, की गिळलंच. तिच्या वेळी सगळ्या तसंच करायच्या. "मला जे ठाऊक आहे ते आता चालतं की नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली. "सिस्टरला विचार. मी येऊन बसू का तिच्याजवळ?"

"ये," लेक म्हणाली.

ती गेली. ठकी उंच खुर्चीत बसलेली, गाल फुगवून, हनुवटीवर लापशी. लेकीनं वाटी आईच्या हातात दिली. घास छोटे, पाठ ताठ, तोंडात कोंबायचं नाही, नको म्हणाली तर थांबायचं, असं सगळं सांगितलं. डबलबेलनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली, की ही लापशी फार घट्ट नाही का झाली. लेक म्हणाली, नाही, एवढीच हवी. जरा वाद झाला. मग लेकीनं पायात चपला घातल्या.

"मी खालून पाव घेऊन येते," ती म्हणाली. "हे कामावर गेलेत."

डबलबेलनं मान डोलावली. दार लागलं, लेकीची पावलं जिना उतरत गेली. तिनं खुर्ची जवळ ओढली, आणि जवळ बसून पहिला घास चमच्याच्या टोकावर, अगदी छोटा, घेतला.